तिथीची पाऊणपट

सीवूड्सहून उरणला थेट लोकल जाते म्हटल्यावर आईनं विचारलं, "मग ओहोटीचं काय?"

तिचं माहेर उरणच्या मोरा बंदराच्या वरच्या अंगाला. लालबागच्या चाळीतून मे महिन्यात आम्ही निघायचो ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं. मोऱ्याच्या जेटीजवळ गाळ फार. पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही, मग तासन्‌तास फेऱ्या बंद. म्हणून निघायचा दिवस आणि वेळ ठरायची ती कालनिर्णय बघून. आजोबांनी आईला हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. हिशेब ढोबळ, पण कोळीवाड्यातल्या बायका त्याच्यावर आपला दिवस बेततात. आईनं तो आम्हा भावंडांनाही शिकवला आणि पाढ्यांपेक्षा तो आम्हाला लवकर पाठ झाला, कारण त्याच्या शेवटी मामाचं घर होतं.

या उन्हाळ्यात माझ्या मुलांना आणि भाच्यांना मी तेच घर दाखवायला नेलं. आईसुद्धा होती. सकाळी आधी सीवूड्सच्या तळ्यावर गेलो. हे डीपीएस तळं. मे महिन्यातही, पाऊस पडेपर्यंत, तिथं फ्लेमिंगो असतात. ठाण्याच्या खाडीत भरतीचं पाणी चढलं, चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून ते अशा उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. तळं जगतं तेही खाडीतून आत येणाऱ्या पाण्यावर. 2024 च्या उन्हाळ्यात पाण्याची वाट बुजली, तळं सुकत गेलं आणि काही पक्षी मेले. इथल्या रहिवाशांनी आणि पक्षिप्रेमींनी तो प्रश्न सोडला नाही, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. मुलांना सांगितलं, आजीचा हिशेब करा. तिथी बघून त्यांनी भरतीची वेळ काढली आणि पाखरं का आली ते त्यांचं त्यांनाच कळलं.

सीवूड्स-दारावे हे स्टेशन म्हणजे लोकांच्या लेखी मॉल. रुळांच्या डोक्यावरच तो उभा आहे, 2017 साली सुरू झालेला. पण स्टेशनच्या नावातलं दारावे हे गाव आहे आणि पलीकडचं करावेही. आगरी-कोळ्यांची गावं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली: भातशेती, मिठागरं, खाजणं. आमची इमारत ज्या जमिनीवर आहे तिथं कुणाच्या तरी मामाचं शेत होतं, हे मला गाडीत बसताना दर वेळी आठवतं.

गाडी नेरूळकडून आली. रविवार असूनही खिडक्या मिळाल्या. खाडीचा पूल लागला तशी आई उठून दाराशी गेली आणि खाली पाणी किती आहे ते बघून आली. उजवीकडे तिवरं, डावीकडे नवी मुंबई विमानतळाचा पसारा. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, गावं उठली. तरघर, बामणडोंगरी, खारकोपर. खारकोपरपर्यंत ही गाडी 2018 च्या नोव्हेंबरात आली आणि पुढे उरणपर्यंत 12 जानेवारी 2024 ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. सेतू एकवीस किलोमीटरांहून लांब. मुलं त्याचे खांब मोजू लागली. मी त्यांना जासई दाखवत होते.

जासई दि. बा. पाटलांचं गाव. जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि 16 व 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही मामाकडे होतो. मोठी माणसं ओटीवर बसून हलक्या आवाजात बोलायची आणि आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायची. आम्ही पोरं समजत होतो की घरात कुणाचं तरी लग्न मोडलंय. दर 16 जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन होतं. नव्या मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तिथं जावं असं मला वाटतं. आपण ज्या रस्त्यांवरून शाळेत, कचेरीत जातो त्यांची किंमत तिथं कळते.

न्हावा-शेवा स्टेशन गेलं. बंदर 1989 चं. त्याच्यासाठी शेवा गाव उठलं. कंटेनरच्या रांगा संपल्यावर द्रोणागिरी, मग उरण. पाऊण तासही लागला नाही.

उरण हे मुळात बेटच, जुन्या कागदांतलं करंजा बेट. पोर्तुगीजांकडून ते मराठ्यांनी घेतलं आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी यांच्याबरोबर इंग्रजांकडे राहिलं. एकोणिसाव्या शतकात इथं पारशी मालकांच्या दारूच्या भट्ट्या होत्या. मोहाची फुलं बाहेरून यायची, दारू मुंबईला जायची. दुसरा मोठा धंदा मिठाचा.

मामा आता नाहीत. मामी आहेत, मामेभाऊ आहे. तो आम्हाला एका मिठागरावर घेऊन गेला. अशी आता थोडीच उरली आहेत. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात तापू द्यायचं, मग टप्प्याटप्प्यानं लहान वाफ्यांत सोडायचं. प्रत्येक वाफ्यात ते अधिक खारट होत जातं. शेवटच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून चोपून इतकी घट्ट केलेली असते की चिखल मिठात येत नाही. तिथं आधी पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो, तो जड झाला की तळाशी बसतो. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं एक बाई मीठ बांधाकडे ओढत होती. फळी पुढे सरकताना काच खरवडल्यासारखा आवाज. दोन्ही पायांच्या टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेलं जुनं कापड. माझ्या भाचीनं मिठाचा एक खडा उचलून उन्हात धरला. चारी कडा सरळ, आत पायरीपायरीनं खोल गेलेला. लहानपणी आम्ही असे खडे खिशात भरून आणायचो आणि चाळीत कैरीबरोबर वाटायचो. मीठ तेव्हा आम्हाला दुकानातली वस्तू वाटतच नसे. ती मामाच्या गावची वस्तू होती, जशी करवंदं, जसे ताडगोळे.

जेवायला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि जिताडा. जिताडा खाडीतला आणि खाजणातल्या तळ्यांतला. खाजणं कमी झाली तसा तोही कमी झाला आणि भाव चढले. मामींनी तरी कुठून तरी आणलाच होता. "भाकरी खाल्ल्याशिवाय उठायचं नाय हां," असं त्या प्रत्येक पोराला वेगळं सांगत होत्या. माझा धाकटा काटे बघून घाबरला, तेव्हा आईनं त्याचं ताट आपल्याकडे ओढलं आणि तुकडे काढून द्यायला लागली. मी सात-आठ वर्षांची असताना आजी याच ओटीवर माझ्यासाठी हेच करायची. आई ते करताना मामींशी बोलत होती, बोटं आपोआप चालत होती, एकही काटा मागे राहिला नाही.

दुपारी पिरवाडीच्या किनाऱ्यावर गेलो. गर्दी होती, कचराही होता, मुलांना कशाचंच काही नव्हतं. परत येताना मामेभावानं घारापुरीचा विषय काढला. मोऱ्याहून होडी मिळते. समुद्राखालून केबल टाकून 2018 साली तिथं वीज पोचली, तोवर लेणी बघायला जगभरातून माणसं यायची आणि गावकरी संध्याकाळी जनरेटरवर दिवे लावायचे. मामेभावाची बायको तिथलीच. तिच्या भावाकडे एक रात्र राहायची, पहाटे पर्यटकांच्या आधी लेण्यांत जायचं, असं ठरलं. तारीख मुलंच काढताहेत, भिंतीवरच्या कालनिर्णयात पेन्सिलीनं खुणा करून. आई त्यांच्या शेजारी बसून चुका दुरुस्त करते आहे.