आमसुली

लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये आई साडी न घेता जाते. "आमसुली दाखवा. हा नको, हा वांग्याकडे झुकतोय. त्याच्या खालचा." एवढ्यावर काम होतं. मी साडी पिशवीत कोंबून नेते, कापड दारापर्यंत घेऊन जाते आणि उजेडात ताडून बघते. हा माझा वेंधळेपणा, असंच घरात ठरलेलं होतं. मलाही ते पटलेलं होतं.

मग चाळिशी उलटल्यावर एक प्रश्नावली हाती आली. डेव्हिड मार्क्स या मानसशास्त्रज्ञाने ती १९७३ साली तयार केली. प्रश्न सोळा. ओळखीच्या माणसाचे नेहमीचे कपडे आणि त्यांचे रंग मनात आणा. उगवता सूर्य आणा. वादळानंतरचं इंद्रधनुष्य आणा. नेहमीच्या दुकानाच्या दाराचा रंग आणा. चित्र किती स्पष्ट दिसतं त्याप्रमाणे गुण द्यायचे: माझ्याकडच्या प्रतीत प्रत्यक्ष पाहिल्यासारखं दिसलं तर ५, काहीच दिसलं नाही तर १.

मी सोळाही ठिकाणी १ लिहिला. इंद्रधनुष्यात सात रंग असतात हे मला माहीत आहे, क्रमही पाठ आहे. पण डोळे मिटले की अंधार. 'डोळ्यांसमोर उभं राहिलं' हे लोक बोलण्याची एक पद्धत म्हणून म्हणतात, अशी माझी समजूत होती. त्यांना खरंच काही दिसतं?

आईला विचारलं. कपड्यांच्या प्रश्नावर तिने डोळे मिटले. "तुझ्या आत्याची अंजिरी साडी. पदराला इस्त्रीचा डाग पडला होता बघ, तोसुद्धा दिसतोय." मग डोळे न उघडताच, "पाचाच्या पुढे आकडा नाही का गं?"

यात मी एकटी नाही, हे वाचून बरं वाटलं. फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. बश्यांचे, पावाचे, मोहरीचे रंग नीट दिसतात का, असं विचारलं होतं. १८८०मध्ये त्याने निष्कर्ष छापले. त्याच्या ओळखीच्या कितीतरी वैज्ञानिकांनी असलं काही मनात दिसतं हेच मानायला नकार दिला होता. त्या मंडळींशी माझं छान जमलं असतं. या स्थितीला 'अफँटेझिया' हे नाव मात्र २०१५मध्ये मिळालं, ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून.

पण आईचा ५ आणि शेजारणीचा ५ सारखाच, हे कशावरून? जोएल पिअरसन यांनी यावर नामी युक्ती काढली. एका डोळ्याला लाल नक्षी दाखवायची, दुसऱ्याला हिरवी. मेंदू दोन्ही मिसळत नाही. एका वेळी एकच दिसते. आधी लाल मनात आणली असेल तर पुढे लालच दिसण्याची शक्यता वाढते. कल्पना किती ताकदीची, ते यावरून कळतं. माणसाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही. माझ्यासारख्यांमध्ये असा कल आढळला नाही.

आमच्याकडे तसलं यंत्र नव्हतं, साडी होती. ती कपाटात ठेवून आम्ही दोघी दुकानात गेलो. अट अशी, की दोघींनी एकमेकींना न विचारता एकेक आमसुली तुकडा निवडायचा. माझ्याजवळ फक्त शब्द होते: भिजवलेल्या आमसुलाचं पाणी वाटीच्या कडेला दिसतं तसा, पण त्याहून गडद. काउंटरवर पाच-सहा तुकडे पसरले आणि ते सगळेच त्या वर्णनात बसायला लागले. आईने पाहताक्षणी बोट ठेवलं.

घरी येऊन साडी उलगडली. माझा तुकडा सरळसरळ वांगी निघाला, त्याबद्दल बोलायलाच नको. आईचा अगदी जवळचा, पण साडीपेक्षा चांगलाच झळझळीत. तिच्या मनातला आमसुली खऱ्याहून उजळ होता. किती स्पष्ट दिसतं ते प्रश्नावलीने विचारलं होतं. बरोबर दिसतं का, हे विचारलंच नव्हतं.

आईने तुकडा काठाजवळ धरला, मग खिडकीशी नेला.

"साडीच उतरलीये," ती म्हणाली. "त्या लाँड्रीवाल्याकडे पुन्हा टाकू नकोस."