पन्नास रुपयांची उत्तरं किती?



दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण आहे 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. "मी प्राथमिकला शिकवते, मला काय त्याचं?" असं तुम्हाला वाटेल. पण मुलं तिथे जिथे अडतात, तो अडथळा आपल्याच वर्गात तयार होतो असं माझं मत आहे. गणिताला एकच उत्तर असतं, ते पुस्तकाच्या मागे असतं, आणि आपलं त्याच्याशी जुळलं नाही की आपलं चुकलं, हे मुलं आपल्याकडूनच शिकतात. मग हुशार मूलसुद्धा स्वतःचं बरोबर उत्तर खोडून टाकतं.

पाचवीच्या वर्गात मी एक उदाहरण दरवर्षी घेते. ५ रुपयांची आणि २ रुपयांची नाणी वापरून ५० रुपये करा. बटण म्हणजे ५ रुपये, चिंचोका म्हणजे २ रुपये. (चिंचोके जरा जास्तच आणा, तासाभरात कमी होतात!) यंदा एका गटाने १० बटणं मांडली, दुसऱ्याने २५ चिंचोके. एका मुलीने ४ बटणं आणि १५ चिंचोके ठेवले. लगेच मागून प्रश्न आला, "बाई, यातलं बरोबर कोणाचं?"

"सगळ्यांचं" असं सांगून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नका. मी विचारलं, "तिच्या मांडणीतले पैसे तेवढेच ठेवून दुसरी मांडणी करता येईल का?" एक बटण काढलं तर ५ रुपये जातात, ते चिंचोक्यांनी भरून निघेनात. बराच वेळ खुडबुड चालली. मग एकाने दोन बटणं उचलली आणि पाच चिंचोके ठेवले. म्हणाला, "दहा गेले, दहा आले."

सगळा धडा या चार शब्दांत आहे. हीच अदलाबदल इकडून तिकडे करत गेल्यावर फळ्यावर सहा उत्तरं आली: बटणं ०, २, ४, ६, ८, १० आणि त्यांच्यासोबत चिंचोके २५, २०, १५, १०, ५, ०. एका गटाने चार बटणांना दहा चिंचोके अशी मोठी अदलाबदल केली. पैसे जुळले, पण मधली उत्तरं सुटली. म्हणून अदलाबदल लहानात लहान हवी, हेही मुलांनीच शोधलं.

आता हेच मोठ्या वर्गाच्या भाषेत बघा. समीकरण ५क्ष + २य = ५०. क्ष = ४, य = १५ ही एक विशिष्ट उकल. अदलाबदल म्हणजे ५क्ष + २य = ० ची उकल: बटणं २ वाढली, चिंचोके ५ घटले, किमतीत फरक शून्य. विशिष्ट उकलीत ही अदलाबदल 'न' वेळा मिळवली की सामान्य उकल झाली:

क्ष = ४ + २न, य = १५ − ५न

न ची किंमत −२ पासून ३ पर्यंत चालते. त्यापलीकडे नाणी उणे होतात. नववीत याच समीकरणाचा आलेख काढला की सरळ रेषा येते आणि तिच्यावर असंख्य उकली असतात. क्ष = १, य = २२.५ हीसुद्धा त्यातलीच, पण अर्धा चिंचोका दुकानदार घेणार नाही.

दहा बटणांपासून सुरुवात करणारा मुलगा लिहील: क्ष = १० + २न, य = −५न. दिसायला वेगळं सूत्र आहे. लाल पेन उचलण्याआधी न च्या किमती घालून बघा, तीच सहा उत्तरं मिळतात. इथे फक्त न −५ पासून ० पर्यंत जातो. विशिष्ट उकल ज्याची त्याची वेगळी असू शकते, पण सगळ्या उकलींचा संच एकच.

मग मी एक अट घातली: "एकूण नाणी १६च हवीत." सहापैकी एकच उत्तर उरलं, ६ बटणं आणि १० चिंचोके. दहावीतलं दुसरं समीकरण म्हणजे ही अट, दुसरं काही नाही. "२० नाणी" म्हटल्यावर मात्र वर्ग गप्प झाला, कारण तसं उत्तरच नाही.

आणि ही काही परकी कल्पना नाही बरं का. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात अशा पूर्णांकी उकलींसाठी कुट्टकाची रीत दिली. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही कुट्टक आहे. आधी एक उत्तर काढायचं, मग ठराविक संख्यांच्या पटी मिळवत बाकीची उत्तरं काढायची.

पालकहो, मुलाचं उत्तर गाईडशी जुळलं नाही तर आधी ते त्याला मूळ उदाहरणात घालून बघायला सांगा. आणि आज बाजारातून आल्यावर १० आणि २० च्या नोटांनी ७५ रुपये करायला द्या. जमणार नाही. का जमत नाही, हे मात्र तुम्ही सांगू नका, त्यालाच सांगू द्या.