लव्हाळ्याची दिवटी

दिवाळीच्या सुटीत माझी सहा वर्षांची नात पुण्याहून बेंबळीला आली, ती पिशवीत एक कागद घालूनच. शाळेने सुटीचा अभ्यास लिहून दिला होता. त्यातले एक कलम असे की, शरद ऋतूत झाडांची पाने गळतात. तरी निरनिराळ्या रंगांची गळलेली पाने गोळा करून वहीत चिकटवावीत. पोर आज्ञाधारक. आल्या दिवशीच तिने अंगणातल्या कडुलिंबाखाली फेऱ्या घालायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने रडवेली होऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“आजोबा, तुमचं झाड पानं का गाळत नाही?”

झाडाची बाजू घेणे मला भागच होते. शरदात पाने गळतात ती विलायतेत. आमचा कडुलिंब उघडा पडतो तो माघ-फाल्गुनात. आश्विनात तो अंगावरचे पान सोडायला मुळीच तयार नसतो. शिवारात तूर फुलावर आलेली असते, माळावर तरवड पिवळाधमक झालेला असतो, आणि ओढ्याला अजून पाणी वाहत असते. असल्या दिवसांत वाळकी पाने आणायची कुठून?

बरे, मुलांच्या हातांना या दिवसांत काम नसते असे थोडेच आहे! सुरुवात होते पोळ्याच्या बैलांपासून. आमची काळी माती मोठी लबाड. ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळली की आकसून तडकते. नवशिक्याचा बैल दुसऱ्या दिवशी पाठीतून दुभंगलेला सापडतो. ज्याला ठाऊक असते तो मातीत भुसा नाही तर शेण कालवतो. त्याचा बैल दसऱ्यापर्यंत कोनाड्यात उभा असतो. मग येतात घट. शेतातली माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, धान्य पेरायचे आणि नऊ दिवस रोज सकाळी उठून कोंब किती वर आला ते पाहायचे. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात हे घरोघरी चालते. आणि बी कसे उगवते, हा धडा पुस्तकात येण्याच्या आधीच मुलांचा होऊन गेलेला असतो. दिवाळीत शेणाचे पांडव आणि गवळणी. त्यांच्या डोक्यावर खोवायची फुले कोणती, यावरून बहिणीबहिणींत होणारी भांडणे मी माझ्याच घरात सोडवली आहेत.

पण या सगळ्यांत अवघड काम दिवटीचे. वसुबारसेपासून संध्याकाळी मुले गोठ्यागोठ्यांतून गाई-म्हशींना ओवाळत फिरतात, तेव्हा हातात असते ती लव्हाळ्याची दिवटी. लव्हाळा म्हणजे पुरात वाचतो म्हणून तुकोबांनी ज्याला मान दिला, तोच. त्याचा दांडा हातात फिरवून पाहा, तीन धारा बोटांना लागतील. तो फार ओला घेतला तर सुकल्यावर वीण सैल होते. फार वाळलेला घेतला तर मुडपताना मोडतो. एकात एक अडकवत, मुडपत वर न्यायचा. वर नागाचा फणा, खाली मूठ, आणि मध्ये पणती बसेल एवढी जागा. घराघरांतून पणतीत तेल पडते, कुणी हातावर पैसा-दोन पैसे ठेवतो. सोपे वाटते. मला ती आजतागायत जमलेली नाही.

आणि इथेच मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी घरात कधी सांगितली नाही.

१९८४ साली मी बेंबळीपासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीवर मास्तर होतो. शाळा एकशिक्षकी. तिसरीत एक मुलगा होता. घरची गरिबी; बाप दुसऱ्याची गुरे राखी, आणि सकाळी शाळेत येण्याआधी हाही त्याच्याबरोबर जाई. पाढे त्याला येत नसत. जोडाक्षर दिसले की तो थांबे, ते थांबेच. दिवाळीच्या सुटीआधी मी कार्यानुभवाची परीक्षा ठेवली : घोटीव कागदाचे कंदील. प्रत्येकाने कागद आणि कात्री घरून आणायची. हा कागद न आणता आला. आणली होती एक दिवटी, माझ्या टेबलावर ठेवण्यासाठी मुद्दाम विणलेली. फणा असा की वाऱ्याने हलला तर मागे सरावे.

मी विचारले, “कागद कुठंय?”

तो दिवटीकडे पाहत राहिला.

साहेब तपासणीला येणार होते. टेबलावर गवत-कचरा नको, म्हणून मी ती दिवटी उचलली आणि खिडकीबाहेर टाकली. त्याच्या नावापुढे कार्यानुभवात सर्वांत कमी गुण मांडले. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. तो माझ्यामुळे आला नाही, असे म्हणण्याइतके मोठेपण मी स्वतःकडे घेणार नाही. गुरे होती, गरिबी होती. पण दिवटी मीच टाकली होती.

गंमत पाहा. प्रशिक्षणाच्या परीक्षेत मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामावर टीप लिहायला आली होती. १९४५ साली बोर्डीला त्यांनी मांडलेला प्रयोग, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच नेलेली शाळा, विकतच्या महाग साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे : सगळे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. गुणही चांगले पडले होते.

नातीला मी म्हटले, “पानं राहू दे. चल, लव्हाळा आणू.” ओढ्याचे पात्र खोल केल्यापासून काठचा लव्हाळा बराच हटला आहे, पुराला न हटणारा यंत्राला हटला. पण पुलाच्या खालच्या अंगाला थोडा सापडला. आता विणायचा कुणी? गावात चौकशी केली तर जो तो एकच नाव सांगू लागला. ते नाव मला हजेरीपटापासून पाठ होते.

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी नातीने हात धरून ओढत नेले.

तो गोठ्यात होता. केस पिकलेले. मला पाहताच लगबगीने उठला. “या की गुरुजी. कसं काय येणं केलाव?” माझ्या हातातला लव्हाळा पाहून हसला. पोते झटकून मला बसायला दिले आणि स्वतः जमिनीवर नातीसमोर मांडी घालून बसला. तिने चार-सहा वेळा चुकवले. सगळे उसवायला निघाली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

“उसवू नका, ताई. हितनंच पुढं जाऊ द्या. वाकडं व्हतंय तितं एक दांडा जादा घालायचा.”

मला त्याला त्या वर्षाबद्दल विचारायचे होते. पूर्ण वाक्य मनात जुळवून नेले होते. मी म्हटले, “तुला आठवतं का रे, वस्तीवरची शाळा...”

“आठवतंय की,” तो म्हणाला. मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “तवा लव्हाळा लई असायचा, गुरुजी.”

दिवटी झाली. फणा एका बाजूला कलला होता. त्याने पणती बसवली, घरातून तेल आणून घातले, आणि नातीने पहिले ओवाळले ते त्याच्याच गाईला. गाईने दिव्याकडे पाहिले आणि तोंड पुढे करून फण्याचे टोक खाऊन टाकले.