नोव्हेंबरचा वारा

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की वैतरणा सागरास मिळताना दिसते. पलीकडे अर्नाळा. याच नदीचे नाव धारण करणारी एक आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला कौतुकाने ‘वीजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळाने तिला गाठले आणि सातशेहून अधिक जीवांसह ती नाहीशी झाली.

मृतांच्या स्मरणाच्या या महिन्यात मला आणखी एक जहाज आठवते. ते सागरात नव्हे, सरोवरात बुडाले. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. शरद ऋतूत पाण्यात उन्हाळ्याची ऊब उरलेली असते आणि उत्तरेकडून थंड हवा येऊन थडकते. त्यातून उठणारी वादळे भयंकर असतात. लाटा आखूड, उभ्या. एकीतून सावरावे तो दुसरी हजर. खुल्या सागरात दूर सरकण्यास जागा असते. सरोवरात चहूकडे किनाराच. म्हणून कप्तान कोठारांची झाकणे आवळून घेतात, वेग उतरवतात, वारा ज्या किनाऱ्याकडून येतो त्याच्या आडोशाने जातात किंवा एखाद्या उपसागरात नांगर टाकून थांबतात.

‘एडमंड फिट्झजेराल्ड’ या जहाजानेही उत्तर किनाऱ्याचा आडोसा धरला होता. पोटात सुमारे २६ हजार टन लोहखनिज होते. पण वाऱ्याने दिशा बदलली. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री, आसऱ्याचा उपसागर अवघ्या १७ मैलांवर असताना, ते २९ खलाशांसह तळाशी गेले. दुसऱ्या दिवशी डेट्रॉईटच्या मरिनर्स चर्चची घंटा २९ वेळा वाजली.

आपल्याकडे ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले, तेही मासेमारीच्या ऐन हंगामात. कोकणातील कित्येक घरी माणसे परतली नाहीत.

गालील सरोवरातील वादळावर मी अनेक वर्षे एकच प्रवचन देत आलो : भिऊ नका. एकदा मिस्सानंतर एक कोळी माऊली थांबली. तिचा धनी सागराने परत दिला नव्हता. ती म्हणाली, “फादर, आमच्या पोरांना थोडं भ्यायलाही सांगा.”

मी निरुत्तर झालो. बंदरात थांबलेल्या होडीचे कर्ज थांबत नाही, हे तीही जाणत होती. तरीही ती हेच मागत होती. शहाणपण हाही ख्रिस्ती सद्‌गुण आहे, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. त्याचा अर्थ मला तिने शिकवला. प्रभूवर श्रद्धा ठेवणे म्हणजे धोक्याचा बावटा चढला असता दोर सोडणे नव्हे. त्या दिवसापासून ‘भिऊ नका’ म्हणण्याआधी मी ‘थांबा’ म्हणतो.