वंशावळींतली चूक

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ति काढण्याचें काम गेलीं दोन वर्षें माझ्याकडे आहे. सेवानिवृत्त माणसाला कांहीं तरी उद्योग लावून दिला नाहीं तर तो स्वयंपाकघरांत लक्ष घालूं लागतो, या दूरदृष्टीनें आमच्या वहिनींनींच तें माझ्या गळ्यांत घातलें असावें असा माझा संशय आहे. तें कसेंही असो. नेरुळच्या आमच्या घरांतलें दिवाणखान्याचें मोठें टेबल तेव्हांपासून जुनीं पत्रें, जन्मटिपणें आणि वंशवृक्षाचे कागद यांनीं व्यापिलें आहे. माझ्या पुतण्याची मुलगी प्राणिशास्त्राचा अभ्यास करते. एके संध्याकाळीं ती आपला संगणक घेऊन त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसली आणि माझ्या कागदांकडे पाहून म्हणाली, "आजोबा, माझ्यापुढेंही आज एक वंशवृक्षच आहे. फक्त हें कूळ पाखरांचें आहे."

तिच्या वंशवृक्षांतलें पाखरूं मला अगदींच परकें होतें असें नाहीं. करावे गांवच्या बाजूला खाडीकांठीं ओहोटीच्या वेळीं जे करड्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे लहानसे पक्षी चिखलावर चार पावलें धांवतात, एकाएकीं थबकतात, चोंच मारतात आणि पुन्हां धांवूं लागतात, त्यांतलाच तो एक. मराठींत त्याला चिखल्या म्हणतात. लांबी सुमारें 20 सेंटिमीटर. अग्निपंख, म्हणजे ज्यांना सर्व जण फ्लेमिंगो म्हणून ओळखतात ते, पाहावयाला लोक लांबलांबून मोटारी घेऊन येतात; या चिखल्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाहीं. श्रावणाच्या सुमारास तो येतो आणि चैत्र-वैशाखांत निघून जातो, एवढें मलाही माहीत होतें. कोठें जातो, हें मात्र मीं कधीं मनांत आणलें नव्हतें.

जातो तो उत्तरेला. लडाखमधील त्सो कारसारख्या सुमारें 4,500 मीटर उंचीवरच्या सरोवरांकांठीं, तिबेटच्या पठारावर, पामीर आणि तिएन शान पर्वतांच्या उघड्या माळांवर तो घरटीं करतो. झाड नाहीं, झुडूप नाहीं, अशा ठिकाणीं त्याचीं पिलें जन्मतात, आणि हिंवाळा आमच्या खाडीच्या समुद्रसपाटीवरच्या चिखलांत काढतात. पर्वतशिखरावर माहेर आणि खाडींत सासर असलेला हा संसार! परंतु गोष्ट एवढीच नव्हती. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून आजवर असें लिहिलेलें असे, कीं या चिखल्याची एकच जाति असून तिच्या पांच उपजाति आहेत. कांहीं तिबेट-पामीरकडे, तर कांहीं पार ईशान्य सैबेरियांत आणि कामचाट्कांत घरटीं करणाऱ्या. सैबेरियाकडील पक्ष्याला 1776 सालीं पालास नांवाच्या पंडितानें 'मंगोलस' असें नांव दिलें. आमच्याकडे येणाऱ्याला वाग्लर यानें 1829 सालीं 'अॅट्रिफ्रॉन्स' म्हणजे 'काळ्या कपाळाचा' असें निराळें नांव दिलें होतें. पण पुढें तो पहिल्याच्याच पोटांत घालण्यांत आला. दिसायला दोघे जवळजवळ सारखे. भेद काय तो विणीच्या दिवसांतला. तेव्हां दोघांचीही छाती तांबूस होते आणि डोळ्यांवरून काळा पट्टा येतो. मात्र सैबेरियाकडील पक्ष्याच्या कपाळावर पांढरा ठिपका राहतो, आणि आपल्याकडील पक्ष्याचें कपाळ सारें काळें होतें.

2022 सालीं चिनी, रशियन, स्विस वगैरे संशोधकांनीं या पक्ष्यांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध केली. जनुकांवरून नातें कसें ओळखतात, हें मला प्रथम उमगेना. मुलीनें दोनदां समजावलें, तरी माझी मान नुसतीच हलत होती. शेवटीं मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली. तेथें 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम चाललें. देशोदेशींच्या पोथ्या शेजारीं शेजारीं ठेवून पंडित पाठभेद टिपीत. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, हा त्यांतला एक मोठा आधार. जनुकांचेंही तसेंच आहे. प्रत्येक जीवाच्या पेशींत एक पोथी असते. पिढी दर पिढी तिची नक्कल होते, आणि नकलतांना अक्षर क्वचित् बदलतें. हे बदल ताडून पाहिले म्हणजे कोणती शाखा कोणापासून केव्हां फुटली, तें उमगतें. "हें मला सुचलें नव्हतें," असें मुलगी म्हणाली, तेव्हां मला उगीचच चढल्यासारखें झालें.

या ताडणींतून जें निघालें तें चमत्कारिक होतें. लहान चिखल्याचा एक थोराड आणि लांब चोंचीचा भाईबंद आहे, मोठा चिखल्या. त्याला सर्वच ग्रंथकार वेगळी जाति मानीत आले. आतां असें दिसून आलें, कीं सैबेरियाच्या लहान चिखल्याचा जवळचा आप्त तिबेटचा लहान चिखल्या नव्हेच, तर हा मोठा चिखल्या होय. तिबेटी शाखा त्या दोघांपासून आधींच फुटून निघालेली. मोठा चिखल्याही हिंवाळ्यांत आमच्याच खाडीवर उतरतो. म्हणजे एकाच चिखलावर शेजारीं शेजारीं धांवणाऱ्या या दोघांपैकीं थोरल्याचा सख्खा बसला आहे सैबेरियांत, आणि धाकट्याला, ज्याला आपण सैबेरियाकरांचा भाऊ म्हणत होतों, त्याला जगांत तितका जवळचा कोणी नाहीं. 2023 पासून जगांतल्या प्रमुख पक्षिसूचींतून सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाति निरनिराळ्या लिहिल्या जाऊं लागल्या.

"पाखरांना का गोत्र ठाऊक असतें?" वहिनी भाजी निवडतां निवडतां म्हणाल्या. "एक म्हटलें काय अन् दोन म्हटलें काय, चिखलांत किडे खायचे ते खातातच."

प्रश्न बिनतोड होता. पण माझ्या हाताखालच्या कागदावर त्याचें उत्तर पडलेलें होतें, आणि तें मला वहिनींसमोर बोलवेना.

आमच्या जुन्या कुलवृत्तान्तांत राजापूरची आणि देवरुखची अशा दोन शाखा एकच समजून छापल्या गेल्या आहेत. दोन्हीकडे एक एक विनायक, दोन्ही विनायकांच्या पोटीं एक एक गोविंद. संपादकांनीं सोईसाठीं दोघांचा एक केला. दर दिवाळीला राजापुराहून पत्र येई, 'इकडील सर्व मंडळी खुशाल', आणि तें घरांत मोठ्यानें वाचलें जाई. त्या सर्व मंडळींत देवरुखच्या घरीं एकट्या राहणाऱ्या अक्काही आल्या, अशी आमची समजूत. राजापूरकर त्यांचे सख्खे, ते पाहतातच. लहानपणीं एका मे महिन्यांत मी अक्कांकडे राहिलों होतों, आणि परत निघतांना त्यांनीं माझ्या सदऱ्याचे खिसे काजूंनीं भरले होते. राजापूरकरांना मात्र अक्कांचें नांवसुद्धां माहीत नव्हतें. अक्का गेल्या तें आम्हांला आठ महिन्यांनीं कळलें. त्यांच्या देवघराच्या फळीवर पत्रांचा एक गठ्ठा दोऱ्यानें बांधून ठेवलेला होता. त्यांतलें शेवटचें पत्र माझ्या वडिलांच्या हातचें होतें, आणि वडील जाऊन तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं.

दोघांना एक म्हणून मोजलें म्हणजे एकाच्या खुशालींत दुसऱ्याचें मरण लपतें. पाखरांच्या बाबतींत तर उलटही घडतें. लहान चिखल्याची संख्या घटल्यामुळें ऑस्ट्रेलियानें 2016 सालीं त्याला संकटग्रस्त ठरविलें. पण तेथें उतरणारे पक्षी प्रामुख्यानें सैबेरियाकडचे, आणि पीत समुद्राच्या किनाऱ्यावरचे त्यांचे वाटेंतले चिखल भराव घालून नाहींसे झालेले. तो हिशेब आमच्या तिबेटी पाहुण्याला लागू पडत नाहीं. त्याचा जमाखर्च लडाख-तिबेटपासून आमच्या खाडीपर्यंत, आणि हिंदी महासागराच्या इतर किनाऱ्यांवर, निराळाच मांडावा लागेल.

त्या जमाखर्चांत आमच्या बाजूची स्थिति काय आहे? ठाणें खाडीचें सुमारें 1,690 हेक्टरांचें अभयारण्य 2015 सालीं जाहीर झालें, आणि 2022 सालीं त्याचें नांव रामसर यादींत गेलें. ही आनंदाची गोष्ट. परंतु भरती आली कीं तो चिखल पाण्याखालीं जातो, आणि पाणी उतरेपर्यंत पक्ष्यांना कोठें तरी बसावें लागतें. तीं बसण्याचीं ठिकाणें म्हणजे आमच्या नेरुळ-सीवूड्सकडचीं उथळ तळीं आणि उरणकडील पाणथळी. आणि हीं अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. जेवणाचें पान मांडलें, पण बसावयाला पाट नाहीं, असा हा पाहुणचार. 2024 सालीं आमच्याकडील एका तळ्यांत भरतीचें पाणी येईनासें झालें, आणि तेथें अग्निपंख मेलेले आढळले, तेव्हां गांवांत बराच गवगवा झाला. 2025 सालीं राज्य वन्यजीव मंडळानें तें तळें संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. अग्निपंख गुलाबी नसते तर हें घडलें असतें काय, अशी शंका माझ्या मनांत येते. पण पाट कोणाच्याही नांवानें मांडला गेला, तरी चिखल्यालाही त्यावर बसतां येईल.

चैत्र सरतां सरतां एका रविवारीं मुलगी मला भरतीच्या वेळीं त्या बाजूला घेऊन गेली. वहिनीही गुडघ्यांची तक्रार विसरून आल्या. खाडींत पाणी चढूं लागलें तसे पक्ष्यांचे थवे उठून तळ्याच्या बांधावर येऊं लागले. मुलीनें दुर्बीण लावून दिली. बहुतेक पक्षी अजून करडेच होते. पण एकाची छाती विटकरी रंगाची झाली होती, आणि डोळ्यांवरून कपाळापर्यंत काजळ फांसल्यासारखा काळा पट्टा आला होता. कपाळावर पांढरा ठिपका नव्हता. वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर तो उभा होता. वहिनींनीं बराच वेळ दुर्बीण सोडली नाहीं. मग म्हणाल्या, "याला तर मीं फिरायला जातांना कितीदां पाहिलें आहे. हा इतक्या लांबचा, हें कोणाला ठाऊक!"

घरीं आल्यावर मीं देवरुखच्या शाखेचे कागद वेगळे काढले. परवां मुद्रकाकडून विचारणा आली आहे, कीं त्या शाखेच्या पानावर अवघ्या तीन ओळी आहेत, त्या राजापूरच्या पानाखालीं घेतल्या तर एक पान वांचेल. मीं नको म्हणून कळविलें आहे.