मातीचा विद्यार्थी

आपला देश सोडून परदेशी जाणारी माणसे सर्व काळांत होऊन गेली. कोणी व्यापारासाठी गेले, कोणी राज्य करण्यासाठी, तर कोणी केवळ पोटासाठी. त्यांपैकी अनेकांचे डोळे परतीच्या वाटेकडे लागलेले असतात. काही थोडी माणसे मात्र जेथे जातात तेथेच मुळे धरतात. परक्या भूमीत असे रुजावयाचे कसे, हे लॉरी बेकर यांच्या चरित्रावरून कळते.

बेकरांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षणही त्यांनी तेथेच घेतले. ते पुरे होऊन फार दिवस लोटले नाहीत, तोच दुसरे महायुद्ध पेटले. शस्त्र हाती धरून माणसे मारणे त्यांच्या धर्मबुद्धीस मान्य नव्हते. म्हणून ते एका रुग्णसेवा पथकात दाखल झाले आणि चीनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत राहावे लागले. त्या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकरांच्या पायांत टाकाऊ कापडाचे, स्वतःच्या हातांनी केलेले जोडे होते. गांधीजींची दृष्टी त्या जोड्यांवर गेली आणि बोलणे सुरू झाले. घर बांधावयाचे तर पाच मैलांच्या परिसरात मिळेल त्याच सामानाने बांधावे, हा गांधीजींचा विचार त्या तरुणाच्या मनात राहून गेला. त्याचे मर्म उमगावयास मात्र काही वर्षे जावी लागली.

१९४५ साली बेकर काम करण्यासाठी भारतात आले. कुष्ठरुग्णांना जेथे केवळ कोंडून ठेवीत, त्या जुन्या वास्तूंची रुग्णालये करावयाची, हे त्यांचे काम होते. परंतु आरंभीच त्यांची मोठी पंचाईत झाली. त्यांना ठाऊक होते पोलाद आणि काँक्रीट. येथे समोर आली माती, जांभा दगड आणि शेण. वाळवी भिंतीत कशी शिरते, पावसाळ्यात छप्पर कसे टिकते, हे त्यांच्या पुस्तकांत नव्हते. विलायतेत शिकलेला हा वास्तुविशारद गावातल्या गवंड्यापुढे निरक्षर ठरला.

१९४८ साली केरळातील डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उभयतांच्या घरच्या मंडळींना हा विवाह प्रथम रुचला नव्हता. विवाहानंतर ती दोघे हिमालयातील पिठोरागड भागात गेली. बाई डॉक्टर आहेत, हे कळताच डोंगरातील लोक आपले आजारी आप्त घेऊन येऊ लागले. मग तेथून पाय निघेना. ओस पडलेले एक चहाचे दुकान हेच त्यांचे घर झाले आणि तेच रुग्णालयही झाले. चार दिवसांसाठी आलेली ती दोघे तेथे सोळा वर्षे राहिली.

त्या डोंगरात बेकरांची दुसरी शाळा भरली. तेथील घरे दगड, लाकूड आणि माती यांची होती. ती कोणा वास्तुविशारदाने आखलेली नव्हती. ऊन, बर्फ आणि वारा सोसत, चुकत आणि चूक सुधारत पिढ्यान्‌पिढ्यांनी ती घडविली होती. बेकर त्यांचे निरीक्षण करू लागले, कारागिरांस प्रश्न विचारू लागले. मुंबईत ऐकलेल्या विचाराचा अर्थ त्यांना आता डोळ्यांसमोर उभा दिसत होता.

१९६३ साली हे कुटुंब केरळात गेले आणि पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. वयाच्या पन्नाशीनंतर बेकरांचा खरा कीर्तिकाल सुरू झाला. त्यांची भिंत पाहण्यासारखी असते. तिच्यात विटा सपाट न ठेवता कडेवर उभ्या लावतात. त्यामुळे मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतील हवेमुळे बाहेरचे ऊन आत पोहोचत नाही. ही रीत मूळची इंग्लंडातली; बेकरांनी ती केरळच्या उन्हात उपयोगी आणली. विटांच्या जाळीतून वारा आणि उजेड खेळविणे मात्र ते भारताकडून शिकले. छताच्या काँक्रीटमध्ये ते जुनी मंगळुरी कौले बसवीत. त्यामुळे सिमेंट वाचे आणि छत हलके होई. जागेवरील झाड तोडण्यापेक्षा भिंतीला वळण देणे त्यांना अधिक आवडे.

स्वस्त घर म्हणजे कच्चे घर, अशी अनेकांची समजूत होती. अभियंत्यांतही शंका घेणारे होते. बेकर बांधीत राहिले. तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती त्यांनी याच रीतीने उभारल्या आणि कोळ्यांच्या वस्तीतील घरेही त्यांनी तितक्याच आस्थेने बांधली. ते स्वतः कामावर हजर राहत आणि गवंड्यांच्या शेजारी उभे राहून पुढचे काम ठरवीत. गरिबाच्या घरी वाया गेलेली एक वीट म्हणजे त्याच्या घामाचा अपव्यय, ही जाणीव त्यांच्या प्रत्येक कामात दिसते.

१९८९ साली बेकरांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि १९९० साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

नागरिकत्वाचा कागद हाती येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. परंतु पिठोरागडच्या डोंगरातील माणसांनी तो कागद कधी मागितला नव्हता. आजारी लेकराला पाठीवर घेऊन ती चहाच्या त्या जुन्या दुकानाशी आली आणि तेथे त्यांना उघडे दार मिळाले. आपल्याजवळचे ज्ञान गाठीशी ठेवून, पण आपल्याला अजून पुष्कळ शिकावयाचे आहे हे न विसरता, जो दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकतो, त्याला पाहुणा म्हणावयाचे लोक हळूहळू विसरून जातात.