गर्दी किती आहे ते नको, कोणाची आहे ते बघा

भडगावात फोन उघडून 'जवळचं चांगलं खाणं' शोधलं तर फार काही हाती लागत नाही. पाचोरा-चाळीसगाव रस्त्यावरची काही हॉटेलं दिसतात, एखादा ढाबा दिसतो, कोणीतरी कधीकाळी काढलेला पनीरचा धूसर फोटो दिसतो. ज्या लोटगाड्यांवर गाव रोज उभ्याने खातं, त्या मॅपवर नसल्यातच जमा. पुण्यात माझ्या ऑफिसातली मंडळी कटिंग चहासाठीही रेटिंग बघतात. भडगावात ती सोय नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. एकदा येऊन गेलेल्या माणसाला काय वाटलं, एवढंच रेटिंग सांगतं. गाडीच्या बाबतीत कळायला हवं ते वेगळं असतं: तोच माणूस उद्या परत येतो का?

हे ओळखायला अॅप लागत नाही, पाच मिनिटं बाजूला उभं राहावं लागतं. एसटी स्टँडजवळच्या गाडीवर गर्दी असली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. तिथला गिऱ्हाईक एरंडोलच्या गाडीत बसून निघून जातो, समोसा शिळा निघाला तरी तक्रार करायला परत येत नाही. याउलट आजूबाजूचे दुकानदार, रिक्षावाले, हमाल आणि तहसीलमध्ये कामाला आलेले लोक जिथे खातात, ती गाडी बघा. या लोकांच्या खिशात मोजके पैसे असतात आणि दुपारभर अंगमेहनत करायची असते. पोट बिघडलं तर त्यांचा रोज बुडतो. त्यांच्याइतकी कडक तपासणी कोणी करत नाही. गाडीवाला कोणाला न विचारताच मिरची कमी टाकतोय, कोणाचे पैसे 'संध्याकाळी द्या' म्हणून सोडतोय, असं दिसलं की समजायचं, जागा बरोबर आहे.

दुसरी खूण म्हणजे लहान यादी. पोहे, समोसा, दाबेली, चायनीज आणि पावभाजी एकाच गाडीवर मिळत असेल तर त्यातलं काहीतरी सकाळपासून पडून असणार, हे साधं गणित आहे. ज्याच्याकडे दोनच पदार्थ आहेत आणि ते ठरलेल्या वेळी संपतात, त्याच्याकडे शिळं उरायला जागाच नसते. फ्रिज नसलेल्या धंद्यात ताजेपणा टिकतो तो खपाच्या वेगावर. कढईतून निघालेला घाणा परातीत पडायच्या आत वाटला जात असेल तर निर्धास्त खा. "थांब भो, आते काढस," असं अहिराणीत ऐकू आलं तर दहा मिनिटं थांबावं. ती वाट बघणं फुकट जात नाही.

तिसरी खूण तेलाची. वारंवार तापवलेल्या तेलात काही घटक वाढत जातात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. लोटगाडीवर ते मोजायचं यंत्र कोणी आणणार नाही, पण डोळे आणि नाक पुरतं. तेल काळपट आणि घट्ट झालंय का, वर न विरणारा फेस येतोय का, आच मंद असूनही धूर निघतोय का, हे लांबूनही दिसतं. भजी रद्दीच्या कागदावर मिळत असतील तर द्रोण किंवा प्लेट मागा. छपाईची शाई गरम तेलात उतरते.

चौथी गोष्ट वेळ. सकाळी पोहे आणि जिलेबी, संध्याकाळी भजी आणि कचोरी, रात्री अंडाभुर्जी. सकाळच्या गाडीवर दुपारी बाराला पोहे मागणं म्हणजे तळ खरवडून घेणं. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून माणसं येतात तेव्हा सगळं झटपट खपतं, म्हणून त्या दिवशी नवी गाडी करून बघावी. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीचा पैसा हातात खेळतो आणि संध्याकाळच्या गाड्यांसमोर उभं राहायला जागा उरत नाही. गाडीचा धंदा शेवटी गिरणेच्या पाण्यावर आणि कपाशीच्या भावावर चालतो.

बाहेरून आलेले मित्र 'खान्देशी' म्हणून शेवभाजी आणि भरीतच मागतात. त्यांना सांगावं लागतं की शेवभाजी ही हॉटेलात बसून, रस्सा भुरकत खायची गोष्ट आहे. भरीत हिवाळ्याचं, आणि शक्यतो शेतात काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. मिरची भजीला असं मानांकन कोणी देणार नाही. पण शेतमजूर, विद्यार्थी आणि तालुक्याला कामासाठी आलेला माणूस रोज जे खातो, त्यात तिचाच वाटा मोठा आहे.

आता किमतीबद्दल. शाळेत असल्यापासून मी एका आप्पांच्या गाडीवर भजी खातो. बेसन महागलं, तेल महागलं, गॅस महागला. प्लेटचा भाव मात्र क्वचित वाढला, भजी तेवढी लहान होत गेली. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाव वाढवला की माणूस दिसतो. भजी लहान केली की नुसती भजी दिसतात." यामागे सुट्ट्या पैशांचंही कारण आहे. वीसची प्लेट बावीसला विकता येत नाही, कारण दोन रुपये सुटे कोणाकडेच नसतात. म्हणून भाव वाढायचा तर थेट पंचवीस, आणि तेवढ्यात मजुरी करणारं गिऱ्हाईक तुटतं. क्यूआर कोडमुळे पहिल्यांदाच बावीस रुपये घेणं शक्य झालंय, पण ते माझ्यासारख्यांकडून. रोखीने देणाऱ्याचं गणित अजून पाच-दहाच्या नाण्यांतच अडकलंय.

शिवाय या स्वस्ताईत एक खर्च कधीच धरला जात नाही. आप्पांच्या घरी पहाटेपासून कांदा चिरला जातो, मिरच्या निवडल्या जातात, चटणी वाटली जाते. हे काम काकू करतात आणि त्याची मजुरी कोणी देत नाही. आपली प्लेट स्वस्त आहे ती बरीचशी त्या हातांमुळे.

दुसरा न मोजलेला खर्च जागेचा. भाडं नाही म्हणून भाव कमी, पण त्याच कारणाने जागेचा भरवसाही नाही. रस्त्याचं काम निघालं की आप्पांची गाडी हलते आणि रोजचं गिऱ्हाईक विखुरतं. मी वर सांगितलेल्या सगळ्या खुणा रोज परत येणाऱ्या माणसावर उभ्या आहेत. जागा गेली की तोच जातो, आणि चांगला गाडीवालाही स्टँडवरच्या गर्दीत अनोळखी होतो.

यावर कायदा आहे. रस्त्यावर व्यवसाय करणं हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात मान्य केलं. पथविक्रेता अधिनियम आला २०१४ मध्ये, आणि तो नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही, आणि नंतरही ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पीएम स्वनिधी योजनेत २०२० पासून तारण न ठेवता पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं मिळायचं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं. त्यासाठीही विक्रेता म्हणून कागदावर नाव लागतं.

सिंगापूरच्या दोन हॉकर स्टॉलना २०१६ मध्ये मिशेलिन स्टार मिळाला आणि २०२० मध्ये तिथल्या हॉकर संस्कृतीची युनेस्कोने नोंद घेतली. रील्समध्ये आपण ते स्टार बघतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या आसपास, तिथल्या सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी करून त्यांना छप्पर, नळ आणि गटार असलेल्या जागा दिल्या होत्या. तालुक्याच्या गावाला स्टारची गरज नाही. एक नळ, सांडपाण्याची सोय आणि उद्याही तीच राहील अशी दहा बाय दहाची जागा मिळाली, तर भडगावच्या भज्यांना पुरे आहे.

तोपर्यंत आपल्या हातात थोडंच आहे. चांगली गाडी सापडली की रील टाकण्याआधी चार दिवस लागोपाठ जा. फोनवरून पैसे देत असाल तर बावीस द्या, वीससाठी घासाघीस करू नका. आणि प्लेट परत करताना एकदा विचारा, "आप्पा, सर्व्हेत नाव लागलं का?" बऱ्याच जणांना असा सर्व्हे असतो हेच माहीत नसतं. अर्ज भरायला लागणारा फोन मात्र त्यांच्यासमोर भजी खात उभ्या असलेल्या आपल्याच हातात असतो.